भुंग्याचा ॲम्प

टॅक्सीच्या डिकीतून खोकं अजून अर्धंच बाहेर आलं होतं, पण काकूंनी ते ओळखलं. डाव्या कोपऱ्यावरची पत्र्याची पट्टी तिरकी बसली होती. ती ठोकताना हातोडी काकूंच्याच हातात होती. वैतागून त्या म्हणाल्याही होत्या, "राहू दे तशीच, गाणं काही कोपऱ्यातून येत नाही."

ते खोकं म्हणजे गिटारचा ॲम्प, गिटारचा बारीक आवाज मोठा करून स्पीकरमधून बाहेर काढणारं यंत्र. जुन्या पद्धतीचं, काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारं. आता खिशात मावतील असे ॲम्प निघालेत, पण काही हट्टी लोकांना व्हॉल्व्हचाच आवाज लागतो. त्या आवाजाला म्हणे ऊब असते. असले हट्टी लोक शहरात मोजकेच होते आणि ते झाडून सगळे काकूंकडे यायचे. गल्लीच्या टोकाला भावाबहिणीचं दुकान होतं. पुढच्या भागात धाकटा भाऊ पंखे आणि मिक्सर दुरुस्त करायचा, मागच्या खोलीत काकू. वाजवणारी मंडळी त्यांना व्हॉल्व्हकाकू म्हणायची. पुढे व्हॉल्व्ह गळून पडला आणि काकू तेवढ्या राहिल्या.

टॅक्सीतून उतरलेली बाई पन्नाशीच्या अलीकडची होती. केस घट्ट बांधलेले, पायात रबरी तळव्याचे बूट. खोकं तिने एकटीने, कंबर न वाकवता, गुडघ्यात बसून उचललं. माणसं उचलायची सवय असलेले लोक उचलतात तसं.

"मी ह्यांची..." ती दारात थांबली. "तुम्हाला माहीत असेल."

"माहीत आहे," काकू म्हणाल्या. "आत या."

भावाने हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. बाई मागच्या खोलीत गेल्यावर तो बहिणीच्या कानाशी येऊन पुटपुटला, "सवत आली की काय?"

"सवत कसली? आमची फारकत झाल्यावर किती वर्षांनी त्यांचं लग्न झालं. तोंड सांभाळ."

"तोंडच सांभाळतोय. नाहीतर बरंच काही बोललो असतो."

ज्याच्याबद्दल हे चाललं होतं तो गेल्या हिवाळ्यात जिना चढता चढता बसला आणि उठलाच नाही. त्याला सगळे भुंगा म्हणायचे. जेवताना, अंघोळ करताना, रस्ता ओलांडताना त्याचं गुणगुणणं चालूच असायचं. तो गेल्याचं एका ड्रम वाजवणाऱ्याने काकूंना सांगितलं होतं. काकू "बरं" म्हणाल्या होत्या आणि हातातल्या कामाकडे वळल्या होत्या. अंत्ययात्रेला त्या गेल्या नाहीत. घरी आल्यावरही त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. आपण एवढ्या कोरड्या कशा झालो, असं एक-दोनदा त्यांच्या मनात येऊन गेलं, एवढंच.

"दिवा लागतो," बाई सांगत होती. "आतल्या काचा लाल होतात. पण आवाज काही नाही. खर्रकन नाही की खुट्ट नाही. मी रोज लावून बघते."

"गिटार कोण वाजवतं?"

"कोणी नाही. मीच तारांवरून हात फिरवते. येत नाही मला." ती स्टुलावर टेकली. "ताई, मला एकदा ऐकायचाय तो. लग्नानंतर ह्यांनी कधीमधी वाजवला, सुट्टीच्या दिवशी. शेवटच्या काही महिन्यांत तेही बंद. विचारलं तर म्हणायचे, मन लागत नाही. क्लासला शिकवायला जायचे, पण ते म्हणजे मुलांना बोटं कुठे ठेवायची ते दाखवणं. स्वतःसाठी वाजवणं संपलं. गेले तेव्हा त्यांचे दोन मित्र जिन्यात उभे होते. मला बघितलं नव्हतं त्यांनी. एक म्हणाला, ह्याला घर मिळालं आणि ह्याची गिटार गेली." ती आपल्या नखांकडे बघत राहिली. "तेव्हापासून वाटतं, मीच गप्प केलं का त्यांना?"

काकूंच्या संसारात भुंगा गप्प कसा होईल याच्यासाठी त्यांनी काय काय केलं होतं! दोन खोल्यांचं भाड्याचं घर. काकू तेव्हा रेडिओच्या कारखान्यात, दिवसभर भिंगातून बघत तारांच्या सांध्यांना कथलाचे डाग द्यायच्या. संध्याकाळी डोकं असं ठणकायचं की उजेड सहन व्हायचा नाही. त्या ओढणी डोळ्यांवर बांधून पडायच्या आणि पलीकडे हा सुरू. "भुंग्या, जरा हळू." "दोन मिनिटं गं." त्याच्या दोन मिनिटांना शेवट नसायचा. आणि तो ॲम्प काकूंनीच बांधून दिलेला! लग्नाच्या पहिल्या वर्षी हौसेने एकेक भाग जमवला, ट्रान्सफॉर्मर स्वतः गुंडाळला. आपल्या डोकेदुखीचं यंत्र आपणच बनवलं, असं त्या नंतर हसून सांगायच्या. पण संसार हसण्यावारी मोडला नव्हता. एक दिवस त्या म्हणाल्या, "एक तर हा ॲम्प राहील नाहीतर मी," आणि भुंग्याने, बिचाऱ्याने, खरंच थोडा वेळ विचार केला. त्या थोड्या वेळातच सगळं संपलं.

"उघडून बघते," काकू म्हणाल्या.

"मी बसू का? की बाहेर थांबू?"

"बसा. नातेवाइकांना बसू देतात की नाही तुमच्याकडे?"

"आमच्याकडे बाहेर काढतात," बाई म्हणाली आणि पहिल्यांदाच किंचित हसली. ती इस्पितळात नर्स होती.

काकूंनी आधी सोप्या गोष्टी बघितल्या. गिटारची वायर बदलली, दुकानातली गिटार लावली, बटणं पुढेमागे फिरवली. दिवा लागला, व्हॉल्व्ह तापले, आवाज नाही. बंद करून त्यांनी स्पीकरच्या पाठीला छोटी बॅटरी टेकवली. स्पीकरचा कागद टक् करून पुढे आला.

"हा जिवंत आहे," त्या म्हणाल्या.

पुन्हा चालू करून त्यांनी पेन्सिलीच्या मागच्या टोकाने पहिल्या लहान व्हॉल्व्हवर टिचकी मारली. स्पीकरमधून टण् असं यायला हवं होतं. आलं नाही. शेजारच्याला मारली. तेच.

"नाडी लागत नाही?" नर्सने विचारलं.

"अजून मनगटच सापडलेलं नाही."

त्यांनी बंद करून आतला सांगाडा बाहेर ओढला. असल्या ॲम्पमध्ये बंद केल्यावरही वीज साठून राहते आणि बेसावध हाताला जन्माची आठवण देते. काकूंनी आधी ती साठलेली वीज उतरवली, मग मीटरची एक तार एका जागी अडकवली, धक्का छातीतून जाऊ नये म्हणून एक हात पाठीमागे नेला आणि पुन्हा चालू केलं. मोठ्या दाबाची वीज व्यवस्थित तयार होत होती. ती पुढे ट्रान्सफॉर्मरपर्यंत येत होती. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे, मोठ्या व्हॉल्व्हच्या पायाशी, मीटर शून्य दाखवत होतं. आणि त्या व्हॉल्व्हच्या पोटातली जाळी नको तितकी लालभडक झाली होती. काकूंनी घाईने बटण दाबून बंद केलं.

"आउटपुट ट्रान्सफॉर्मर गेलाय. हा बघा, हा काळा ठोकळा. व्हॉल्व्हचा आवाज ह्याच्यातून स्पीकरला जातो. आत केसासारख्या तारेचे हजारो वेढे असतात. एक जरी तुटला तरी रस्ता बंद. म्हणून सगळं पेटतं आणि ऐकू काही येत नाही."

"कशाने तुटतो?"

"जुनं झालं की..." काकू म्हणाल्या आणि अर्ध्यावरच थांबल्या.

ट्रान्सफॉर्मरपासून स्पीकरकडे जाणाऱ्या वायरला मधेच चिकटपट्टी गुंडाळलेली होती. ही त्यांची नव्हती. त्यांनी ती सोडवली. वायर मधोमध कापून पुन्हा पिळून जोडलेली होती. तांब्याच्या तारा इतक्या वेळा पिळलेल्या आणि उलगडलेल्या की त्यांचे केस झाले होते, काही तुटून पडले होते. हा एकदाचा उद्योग नव्हता.

"ह्याच्याबरोबर आणखी काही सामान होतं?"

"त्यांच्या कपाटातल्या वायरी आणल्यात. काय लागेल कळेना, सगळंच पिशवीत भरलं." नर्सने कापडी पिशवी पुढे केली.

वायरींच्या गुंत्यातून काकूंनी एक हेडफोन ओढून काढला. त्याची पिन कापून टाकलेली होती. उघड्या टोकांना वीज अडवणारा एक छोटा रेझिस्टन्स जोडलेला. डाग कसला, कथलाचा गोळाच, भुंग्याच्या हातचा. त्याला कधीच नीट डाग देता आला नाही. आणि पुढच्या तारांचे तसेच केस झालेले.

काकूंनी तो हेडफोन बराच वेळ हातात धरला.

"तुमची ड्यूटी रात्रीची असायची का हो?" त्यांनी विचारलं.

"लग्न झालं तेव्हापासून. आता बदलून घेतली. मी सकाळी यायचे, चहा घ्यायचे आणि आडवी व्हायचे ती दुपार उतरेपर्यंत. का?"

"तेव्हा हा काय करायचा?"

"पलीकडच्या खोलीत असायचे. दार लोटून. वाचत असतील, पडले असतील. मला कधी खुट्ट म्हणून ऐकू आलं नाही. फार जपायचे. भांडंसुद्धा वाजू द्यायचे नाहीत."

काकू उठल्या. "ठोकळा नवीन गुंडाळावा लागेल," त्या म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात या." आपला आवाज तुटक निघाला हे त्यांना कळलं, पण इलाज नव्हता.

नर्स गेल्यावर त्या मोरीपाशी जाऊन पाणी प्यायल्या आणि नळ सुरूच ठेवून उभ्या राहिल्या. भाऊ आला, त्याने नळ बंद केला.

"काय झालं?"

"स्पीकरची वायर सोडवून भुंगा हेडफोन लावून बसायचा," काकू म्हणाल्या. "रोज. ती झोपलेली असताना. आणि ती उठायच्या आत पुन्हा जोडून ठेवायचा. व्हॉल्व्हचा ॲम्प स्पीकर काढून चालवला की ट्रान्सफॉर्मर जळतो. आज ना उद्या जळतोच. मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"मग ऐकलं नाही. त्यात नवल काय? त्याने कुणाचं कधी ऐकलं?"

"तुला कळत नाहीये." काकूंचा आवाज चढला. "मी डोक्याला फडकं बांधून पडलेली असायचे. भिंतीवर हात आपटायचे. माझ्यासाठी त्याला बटण पाव वेढा मागे नेता आलं नाही रे. आणि हिची झोप मोडू नये म्हणून वायर कापतो!"

भावाने नळ आणखी घट्ट पिळला. मग म्हणाला, "तिला काही सांगायची गरज नाही. जुनं झालं, गेलं. ठोकळा बदल आणि मोकळी हो."

काकूंनी तेच ठरवलं. त्यात खोटं बोलण्यासारखं काही नव्हतंच. वस्तू जुनी होतीच. आणि सांगून त्या बाईला काय मिळणार? तिच्या झोपेपायी ॲम्प जळला, हेच ना? असा चांगुलपणाचा मुलामा त्यांनी मनाला देऊन बघितला. पण त्याखाली काय आहे हे त्यांना ठाऊक होतं. भुंगा त्या बाईसाठी इतका शहाणा झाला होता, ही गोष्ट त्यांना तिच्या पदरात घालायची नव्हती.

ठोकळा गुंडाळायला त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी घेतला. जुन्या ठोकळ्याचे पत्रे एकेक करून सोडवले. आतलं गुंडाळं सोलताना जळकट वास आला. वरचे थर चांगले होते, कागद अजून पिवळा. हा कागद आपण कापला होता, समोर बसून भुंगा वेढे मोजत होता आणि मोजता मोजता गुणगुणायला लागून आकडा विसरत होता, हे त्यांना आठवलं. त्या वेळी दोघंही पोट धरून हसले होते. आतल्या थरात एका जागी कागद कोळसा झाला होता, तार तिथेच तुटली होती.

नवी तार चाकावर चढवून त्या हळूहळू फिरवू लागल्या. हे काम डोक्याने करायचं नसतं, हात आपोआप चालतो आणि मन मोकाट सुटतं. काकूंच्या मनात आलं, ॲम्प बंद पडला तेव्हा भुंग्याला लगेच कळलं असणार काय जळलंय ते. सांगितलं होतं ना त्याला. तो दुरुस्त करणारं माणूस एकच होतं आणि ते इथे, दोन स्टॉपवर, बसलेलं होतं. तो आला नाही. का आला नाही? दारात उभा राहिला असता तर पहिलं वाक्य काय ऐकावं लागलं असतं ते त्याला पाठ होतं. "मी सांगितलं नव्हतं?" आणि मग पुढचं सगळं, जुनंनवं. काकूंच्या जिभेला अख्खं शहर वचकून होतं. गिऱ्हाइकं त्याचे किस्से सांगायची, काकूंनाही त्याची गंमत वाटायची. त्या जिभेच्या भीतीने एक माणूस दिवा लागणाऱ्या आणि न बोलणाऱ्या खोक्यासमोर शेवटचे महिने बसून राहिला, आणि बायकोला म्हणाला, मन लागत नाही.

चाक थांबलं. काकूंनी वेढ्यांचा आकडा पाहिला आणि पुन्हा फिरवायला घेतलं, पण आता त्यांना रागच सापडेना.

पुढच्या आठवड्यात नर्स आली तेव्हा ॲम्प पुन्हा खोक्यात बसवून टेबलावर तयार होता. काकूंनी तिला बसवलं आणि हेडफोन तिच्या मांडीवर ठेवला.

"हे काय आहे माहीत आहे?"

"त्यांचा असेल. तुटलाय."

"तुटलेला नाही, कापलेला आहे. नीट ऐक." काकू कधी 'तू'वर आल्या ते दोघींनाही कळलं नाही. त्यांनी सगळं सांगितलं. काढून ठेवलेली वायर दाखवली, तिचे झालेले केस दाखवले. स्पीकर काढून चालवलं की आतली वीज कशी आतच उसळते आणि कागद जाळते, ते सांगितलं. काही वगळलं नाही.

नर्स बराच वेळ तारांची ती टोकं बोटांनी सरळ करत राहिली.

"म्हणजे वाजवत होते?"

"रोज. तारांचं असं व्हायला रोजच सोडावं-जोडावं लागतं."

"मी भिंतीपलीकडे होते."

"हो."

"मग मला का नाही सांगितलं? मी म्हटलं असतं, वाजवा, मला चालतं."

"म्हणूनच नाही सांगितलं. तू चालतं म्हणाली असतीस आणि रात्री वॉर्डात उभ्याउभ्या डुलक्या घेतल्या असत्यास."

नर्सने हेडफोन डोक्याला लावला. ऐकण्यासारखं त्यात काही नव्हतं; त्याची टोकं तिच्या मांडीवर लोंबत होती. दोन्ही हातांनी तिने तो कानांवर दाबून धरला आणि तशीच, आवाज न करता, रडली. रात्रपाळीत रडायला शिकलेली बाई होती ती. काकू समोर बसून राहिल्या. पाठीवर हात ठेवावा असं त्यांना वाटलं, पण तो हक्क आपला आहे का ते ठरेना.

"बंद पडल्यावर तुमच्याकडे का नाही आले ते?" डोळे पुसून नर्सने विचारलं.

"मी ओरडले असते," काकू म्हणाल्या.

"इतकं?"

"इतकं."

नर्सने त्यांच्याकडे बघितलं. त्या नजरेत ठपका असता तर काकूंना बरं वाटलं असतं. "चुकीचं इंजेक्शन दिल्यावर आम्हीसुद्धा मोठ्या सिस्टरांकडे जायला घाबरतो," ती म्हणाली. "त्या काही वाईट नसतात."

काकूंनी ॲम्प चालू केला. व्हॉल्व्ह तापायला थोडा वेळ लागतो. मग स्पीकरमधून अगदी बारीक घरघर आली, आणि नर्स स्टुलावरून अर्धवट उठली.

"हाच का?"

"हा नुसता श्वास. थांब."

काकूंनी गिटार घेतली. दुरुस्तीनंतर तपासायला लागतात तेवढेच तीन सूर त्यांना यायचे, तेही भुंग्याने शिकवलेले, आणि त्यांतला तिसरा कायम चुकायचा. त्यांनी पहिला छेडला. खोली भरून गेली. पुढच्या भागातला पंख्याचा घरघराट थांबला. भावाने काम थांबवलं होतं. दुसरा. तिसरा चुकला.

"मोठा करता येतो?" नर्सने विचारलं.

"हवा तेवढा."

"मग करा. शेजारपाजारचे ओरडले तरी चालेल."

काकूंनी बटण फिरवलं, पाव वेढा, अर्धा, पूर्ण. तेच तीन सूर त्या पुन्हा पुन्हा छेडत राहिल्या. फडताळावरच्या स्क्रूच्या डब्या थरथरल्या. समोरच्या खिडकीतून कोणीतरी डोकावलं. नर्स डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून बसली होती. वाजवणारा तो नव्हता आणि वाजतंय तेही धड नव्हतं. पण तिला ते पुरत होतं, की मुळीच पुरत नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरून सांगता आलं नसतं.

जाताना तिने खोकं पुन्हा तसंच, गुडघ्यात बसून उचललं. "त्यांची गिटार त्यांच्या क्लासला देऊन टाकीन. मुलं वाजवतील. ॲम्प नाही देणार," ती म्हणाली. टॅक्सीचं दार लावताना काच खाली करून म्हणाली, "ताई, तुम्ही सांगितलं नसतं तर मला कधीच कळलं नसतं."

"हो," काकू म्हणाल्या.

टॅक्सी वळली. काकू मागच्या खोलीत आल्या. टेबलावर जळक्या ठोकळ्याचं सोललेलं गुंडाळं पडलं होतं, कचऱ्यात टाकायचं राहिलेलं. त्यांनी ते उचललं, आणि खाली बसल्या, खुर्चीवर नाही, जमिनीवरच. हिवाळ्यात न आलेलं रडू आत्ता आलं. हुंदके आवरेनात. नवरा गेल्याचं ते रडणं होतं, आणि ते रडायचा रीतसर अधिकार कुठल्याच नात्याने त्यांच्याकडे उरलेला नव्हता.

भाऊ दारापर्यंत आला. "ताई," म्हणाला. तिच्याकडे पाठ करून तो चौकटीत उभा राहिला, दार जेमतेम भरेल असा.

तेवढ्यात खांद्याला गिटार अडकवलेला एक जाडजूड माणूस आला. "काकू आहेत का? ॲम्पचा आवाज जरा फाटतोय."

"आज नाहीत."

माणसाने भावाच्या बगलेतून आत वाकून पाहिलं. "अहो, त्या काय बसल्यात."

"दिसतायत," भाऊ म्हणाला. "पण आज नाहीत. उद्या या."

तो माणूस काय समजायचं ते समजला, आणि गिटारची वादी खांद्यावर सरळ करत मुकाट्याने निघून गेला.